आधी पुढचे तीन स्पीकर

जुन्या ५.१ होम थिएटर संचाचे (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) स्पीकर ठेवून फक्त नवा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना पॉवर देणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचं म्हणताय, पण थोडं थांबा. अशा तयार संचांतले स्पीकर बरेचदा ३-४ ओमचे असतात आणि स्वस्त रिसीव्हर सहसा ६ ते ८ ओमसाठी बनवलेले; ओम (विद्युत रोध) कमी असले की रिसीव्हरवर ताण येतो. सबवूफर पॅसिव्ह (स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेला) असेल तर तो वाजणारच नाही. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून नुसता सिग्नल येतो, पॉवर नाही. त्यापेक्षा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे आणायची सोय) असलेला चांगला वापरलेला रिसीव्हर बघा, ॲटमॉसचा (डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचा) हट्ट सोडा. उरलेले पैसे पुढच्या तीन स्पीकरांत घाला, त्यातही मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये, कारण बहुतेक संवाद तिथूनच येतात. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो, ती नक्की तपासा: ३ डेसिबल (डीबी) जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. मागचे दोन स्पीकर दिवाळीत घ्या.