१०० रुग्णांची फेज थ्री: बायोसिमिलरला हवी की नको?

पेशीवाला:
मे २०२५ मध्ये सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध नियामकाने, बायोसिमिलरच्या (मूळ जैविक औषधाच्या जवळजवळ तंतोतंत नकलेच्या) नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. त्याआधीची तत्त्वं २०१६ ची. मसुद्याचा कल असा: प्राण्यांवरच्या चाचण्या कमी करा, प्रयोगशाळेतली तुलना कडक करा आणि ती चोख उतरली तर रुग्णांवरची तुलनात्मक फेज थ्री (मंजुरीआधीची ट्रायल) सरसकट मागू नका. ब्रिटनने ही वाट २०२१ मध्ये धरली, डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. तरी "रुग्णांवर न तपासता औषध विकणार?" हा प्रश्न येतोच, म्हणून हा धागा.

माझं मत: आपली फेज थ्री काहीही सिद्ध करत नाही. काढून टाका.

२०१६ च्या तत्त्वांत नव्या औषधावर १०० च्या वर मूल्यमापनयोग्य रुग्ण असले की भागतं. ट्रास्टूझुमॅब घ्या, स्तनाच्या कर्करोगावरचं ॲन्टिबॉडी औषध. समजा केमोसोबत ६५ टक्के रुग्णांची गाठ आटते. दोन्ही बाजूंना १००-१०० रुग्ण घेतले तर फरकाचा ९५ टक्के विश्वास-पट्टा (खरा फरक ज्यात असेल असं धरतात तो पल्ला) साधारण अधिक-उणे १३ टक्के पडतो. मूळ औषध महाग म्हणून १०० ला ५० असा हिशेब केला तर १६. आता मर्यादा १५ टक्क्यांची ठेवा, म्हणजे अख्खा पट्टा तिच्या आत बसला तरच पास. पहिल्या मांडणीत दिसलेला फरक जेमतेम २ टक्क्यांच्या आत पडायला हवा, आणि दोन्ही बाजूंना एकाच बाटलीतलं औषध दिलं तरी ते पाचात एकदाच घडेल. दुसऱ्या मांडणीत पास होणंच अशक्य. नीट करायचं तर प्रत्येक बाजूला २०० च्या वर रुग्ण लागतात. बायोकॉन-मायलनच्या ट्रास्टूझुमॅबच्या 'हेरिटेज' ट्रायलमध्ये ५०० रुग्ण होते, ते काही हौस म्हणून नव्हे.

दुसरं म्हणजे, डोस मुळात अशा जागी ठरलेला असतो जिथे परिणामाचा आलेख सपाट झालेला असतो. औषधाची ताकद १० टक्के घसरली तरी गाठीच्या मापात काही कळणार नाही. पेशींवरच्या चाचणीत, एडीसीसीत (ॲन्टिबॉडीच्या खुणेवरून मारेकरी पेशी कर्कपेशींना मारतात ती क्रिया) किंवा रिसेप्टरला चिकटण्यात, ती घसरण दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त.

दुसरी_शिफ्ट:
गणित मान्य. पण त्यातून निघतं ते "ट्रायल लहान आहे" एवढंच. "ट्रायल नको" हे कुठून आलं? ट्रायल लहान ठेवायची, मग ती लहान म्हणून रद्द करायची, हे बरं आहे.

फेज थ्री ही फक्त गाठ मोजायला नसते. शरीर औषधाविरुद्ध ॲन्टिबॉडी बनवतं का, हे माणसातच कळतं. १९९८ नंतरचं एप्रेक्सचं प्रकरण आठवा. एप्रेक्स म्हणजे लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन. त्याच्या फॉर्म्युल्यातून मानवी अल्ब्युमिन काढलं आणि पॉलिसॉर्बेट ८० घातलं. प्रथिन तेच, कारखाना तोच. पुढच्या तीन-चार वर्षांत किडनीच्या रुग्णांमध्ये अशा ॲन्टिबॉडी दिसू लागल्या की त्यांनी इंजेक्शनमधलं एरिथ्रोपोएटिन तर मारलंच, शरीराचं स्वतःचंही मारलं. अस्थिमज्जेत लाल पेशी बनणं थांबलं. नंतर बोट रबरी बुचातून पाझरणाऱ्या पदार्थांकडे गेलं, पण बाटली बाजारात गेली तेव्हा कुठल्याही क्रोमॅटोग्रामवर (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखावर) हे दिसलं नव्हतं.

पेशीवाला:
उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूचं आहे. एप्रेक्सच्या त्या फॉर्म्युल्यात, त्वचेखाली दिलं तेव्हा, हे प्रमाण लाखभर रुग्ण-वर्षांमागे १८ च्या आसपास होतं. ३ भागिले रुग्णसंख्या हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. १०० रुग्णांत एकही घटना दिसली नाही तर एवढंच म्हणता येतं की प्रमाण ३ टक्क्यांहून कमी आहे. फेज फोरचे (विक्री सुरू झाल्यावरच्या अभ्यासाचे) २०० धरून ३०० केले तर १ टक्का. लाखात १८ शोधायला ही जाळी कामाची नाही. ते पकडलं ते बाजारातल्या नोंदींनी.

दुसरी_शिफ्ट:
मग सँडोजच्या एचएक्स ५७५ चं काय? तेही एरिथ्रोपोएटिनच. शिरेतून द्यायला युरोपात २००७ मध्ये मंजूर झालं. त्वचेखाली देण्यासाठी वेगळी ट्रायल लावली, ३३७ रुग्णांची. दोघांत निष्प्रभ करणाऱ्या ॲन्टिबॉडी सापडल्या आणि ट्रायल थांबवली. शोध घेतला तेव्हा संशय टंगस्टनवर आला. काचेच्या सिरिंजला सुईसाठी भोक पाडताना टंगस्टनची पिन वापरतात, तिचे अंश काचेत राहिले होते आणि त्याने प्रथिनाचे गठ्ठे झाले. तुमच्या नियमाने हे सापडायलाच नको होतं.

पेशीवाला:
सापडलं, कारण तिथे दोष मोठा होता. आज सिरिंज पुरवणाऱ्याकडून टंगस्टनची मर्यादा लिहून घेतात, आणि मुद्दाम टंगस्टन घालून प्रथिन गठ्ठे करतं का तेही बघतात. त्यासाठी ३०० माणसं लागत नाहीत.

दुसरी_शिफ्ट:
आज बघतात, कारण तेव्हा ट्रायल झाली होती. पुढचं टंगस्टन कोणतं, ते आधी सांगा. मग ट्रायल काढू.

ग्लायकन_गणपुले:
दोघांनाही अडचणीत टाकणारं एक उदाहरण. सॅमसंग बायोएपिसचं ट्रास्टूझुमॅब, एसबी३. फेज थ्रीत स्तनातली गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण नव्या औषधात ५१.७ टक्के, मूळ हर्सेप्टिनमध्ये ४२. दोन्ही प्रमाणांचं गुणोत्तर मर्यादेत बसलं, पण फरकाच्या पट्ट्याचं वरचं टोक १३ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेलं. म्हणजे नक्कल अस्सलपेक्षा सरस? कारण निघालं ते मूळ औषधातच. ऑगस्ट २०१८ ते डिसेंबर २०१९ एक्स्पायरीच्या काही हर्सेप्टिन बॅचमध्ये ॲन्टिबॉडीवरच्या, फ्युकोज ही साखर नसलेल्या साखळ्यांचं (ग्लायकनचं) प्रमाण घसरलं होतं. ती साखर नसली की ॲन्टिबॉडी मारेकरी पेशींच्या रिसेप्टरला घट्ट धरते, म्हणून प्रमाण घसरलं की एडीसीसीही घसरते. फरक रुग्णांत दिसला, त्याचं कारण लॅबने सांगितलं. आता सांगा, दोघांपैकी कोण जिंकलं?

मला मात्र यातून वेगळीच गोष्ट खटकते. तुलनेसाठी मूळ औषधाच्या बॅच किती आणि कधीच्या घ्यायच्या? एफडीए किमान १० मागते. त्या वेगवेगळ्या एक्स्पायरीच्या, दोन-तीन वर्षांत पसरलेल्या हव्यात, नाहीतर असा बदल हाती लागतच नाही. तीन बॅचवर प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) काढणं म्हणजे दादर स्टेशनवर तीन माणसं मोजून मुंबईची सरासरी उंची सांगणं.

आणि इथे एक चोरवाट आहे. स्वीकाराची खिडकी 'सरासरी अधिक-उणे तीन प्रमाण विचलनं' अशी ठरवतात. एडीसीसीची चाचणी धड बसवली नसेल, एकाच नमुन्याचे आकडे २० टक्के इकडेतिकडे उडत असतील, तर विचलन फुगतं, खिडकी रुंद होते आणि नक्कल आरामात आत बसते. जो वाईट मोजतो तोच पास. पेशीवाले, तुमची "चोख तुलना" इथे गळते. आधी चाचणीची स्वतःची चूक किती ते बघा, ती मोठी असेल तर फाइल परत पाठवा.

पेशीवाला:
हे मान्य. खिडकीआधी चाचणीची अचूकता तपासा, हे मसुद्यात ठळक असायला हवं.

कोल्डचेन_काकू:
मंडळी, "बाजारातल्या नोंदींनी पकडलं" हे वाक्य फार सहज लिहिलंत. ते युरोपात. परळच्या डे-केअरमध्ये (औषध देऊन त्याच दिवशी घरी पाठवणाऱ्या केंद्रात) काय चालतं ते बघू.

ट्रास्टूझुमॅबची ४४० मिलिग्रॅमची वायल, म्हणजे कुपी. सोबतच्या २० मिलि बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) पाण्यात विरघळवली की मिलिला २१ मिलिग्रॅम, २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते. साध्या निर्जंतुक पाण्यात केली तर लगेच वापरायची, उरलेलं टाकायचं. हलवायची नाही, हळूच फिरवायची, फेस आला तर पाच मिनिटं ठेवायची. पुढे २५० मिलि सलाइनमध्ये. ग्लुकोजच्या बाटलीत कधीच नाही, प्रथिनाचे गठ्ठे होतात.

आता ६० किलोची बाई. पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४८०. एक पूर्ण वायल आणि दुसरीतले ४० मिलिग्रॅम. ती दुसरी कालच्या रुग्णाची उरलेली. मधल्या काळात टेंडर बदललं असेल तर एकाच बाटलीत दोन कंपन्यांचं औषध. केसपेपरवर लिहिलं जातं "ट्रास्टू ४८०". ना ब्रँड, ना बॅच. तीन आठवड्यांनी ३६० चा डोस, तिसऱ्याच बॅचमधून. सहा महिन्यांनी काही झालं तर दोष कुणाच्या माथी मारणार? दुष्परिणाम कळवायच्या सरकारी फॉर्मवर बॅच नंबरचा रकाना आहे. १८००-१८०-३०२४ वर फोनही करता येतो. पण केसपेपरवर नंबरच नसेल तर रकान्यात काय भरायचं, कपाळ?

सिरिंज-पेनांची तऱ्हा आणखी वेगळी. परळला विकत घेतलेलं ॲडालिमुमॅबचं (संधिवातावरच्या ॲन्टिबॉडी औषधाचं) पेन कसाऱ्याला न्यायचं, तर दुकानदार थेट गोठलेल्या जेलपॅकला चिकटवून पिशवीत टाकतो. उन्हाची भीती सगळ्यांना, गोठण्याची कुणालाच नाही. गोठून वितळलेलं प्रथिन दिसायला स्वच्छ पाण्यासारखंच असू शकतं, आत गठ्ठे असतात, आणि शरीराला ॲन्टिबॉडी बनवायला तेच निमित्त पुरतं. लशीची शेक टेस्ट (हलवून साका बघायची चाचणी) इथे चालत नाही, ती तुरटीवर्गीय लशींसाठी आहे. जेलपॅक आणि खोका यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेल हवा, आणि पॅक बाहेर काढून घाम फुटेपर्यंत थांबायचं. साधी गोष्ट, कुणी सांगत नाही.

दुसरी_शिफ्ट:
काकू, माझ्या मनातलं बोललात. युरोपने ट्रायल काढायचं धाडस केलं कारण मागे नोंदींची भिंत आहे. इथे पुढची भिंत पाडताय आणि मागे भिंतच नाही.

कोल्डचेन_काकू:
मी तुमच्या बाजूने बोलले नाही हो. १०० रुग्णांची ट्रायलही ही भिंत बांधत नाही. ट्रायलमधलं औषध डेटा लॉगर लावलेल्या खोक्यातून येतं, नर्स डोसागणिक बॅच लिहिते. बाहेरचं जग त्यात उतरतच नाही.

मधलीगल्ली:
सगळ्या औषधांना एकच काठी नको. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या फिलग्रास्टिमला फेज थ्री कशाला? निरोगी माणसांत न्यूट्रोफिलची संख्या मोजा, परिणाम समोर आकड्यात दिसतो. इन्सुलिनला क्लॅम्प पुरतो: रक्तातली साखर एका पातळीवर धरून ठेवायला किती ग्लुकोज सोडावं लागतं ते तासन् तास मोजायचं. युरोप इन्सुलिनला परिणामकारकतेची ट्रायल मागत नाही, ते कधीपासूनच. पण जिथे असा रक्तातला खुणेचा आकडा नाही, औषध त्वचेखाली वर्षानुवर्षं द्यायचं आहे आणि ॲन्टिबॉडीचा इतिहास वाईट आहे, तिथे माणसांतला अभ्यास हवा. एरिथ्रोपोएटिन हे त्याचं ठळक उदाहरण.

फक्त तो गाठ किंवा सांधे मोजणारा नसावा. ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेतला फार्माकोकायनेटिक्सचा (रक्तात औषध किती चढतं-उतरतं याचा) अभ्यास तर करायचाच असतो, त्यालाच वारंवार डोसचा भाग जोडा आणि सहा महिने ते वर्षभर ॲन्टिबॉडी मोजा. नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्यायचा, कारण रक्तात औषध जास्त असलं की ॲन्टिबॉडी त्यालाच चिकटून बसते आणि चाचणी "नाही" म्हणते. चाचणी किती औषध सोसते, हा आकडा फाइलमध्ये हवा. तो न देता "ॲन्टिबॉडी शून्य" असा अहवाल आला तर तो कोऱ्या कागदाइतकाच.

पेशीवाला:
याला माझा विरोध नाही. खर्च मात्र कमी व्हायला हवा. एफडीएच्या म्हणण्याप्रमाणे तुलनात्मक परिणामकारकतेच्या एका ट्रायलला एक ते तीन वर्षं आणि सरासरी २.४ कोटी डॉलर लागतात. आपल्याकडे कमी लागेल, पण रबाळ्याच्या छोट्या कंपनीला तेवढाही जड.

दुसरी_शिफ्ट:
आणि वाचलेला पैसा रुग्णाच्या खिशात जाईल, असं समजायचं? ते कुठल्या मसुद्यात लिहिलंय? ट्रास्टूझुमॅब आवश्यक औषधांच्या यादीत आहे म्हणून त्याला कमाल किंमत आहे. यादीबाहेरच्या ॲन्टिबॉडी औषधांचं काय?

किंमत बाजूला ठेवू. ट्रायल काढा, पण बदल्यात एक द्या: तुलनेची सगळी आकडेवारी लोकांपुढे. युरोपात मंजुरीसोबत मूल्यमापन अहवाल जाहीर होतो, ग्लायकन, एडीसीसी, बॅचची संख्या, काय अडलं आणि कसं सुटलं, सगळं. आपल्याकडे तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त संकेतस्थळावर मिळतं आणि त्यात प्रत्येक औषधाच्या वाट्याला चार ओळी. "सविस्तर चर्चेनंतर शिफारस करण्यात येते." ती सविस्तर चर्चा कुठे वाचायची? गणपुल्यांनी सांगितलेली फुगलेली खिडकी त्या चार ओळींत कशी दिसणार? ट्रायल निदान जर्नलमध्ये छापून तरी येते.

पेशीवाला:
अहवाल जाहीर करा, मी पहिली सही करतो. पण कंपन्या गुपिताचं कारण पुढे करतील.

ग्लायकन_गणपुले:
गुपित प्रक्रियेत असतं: सेल लाइन (औषध बनवणाऱ्या पेशी), पेशींचं खाद्य, तापमान कधी उतरवलं. औषधातली साखर किती, हे दुकानातून वायल आणून कुणीही मास स्पेक्ट्रोमीटरवर काढू शकतं. ते कसलं गुपित?

कोल्डचेन_काकू:
अहवाल येईल तेव्हा येईल. वायलवर सोलून काढता येणारं बॅचचं स्टिकर सक्तीचं करायला कुणाची ट्रायल लागत नाही. एक केसपेपरवर, एक रुग्णाच्या फाइलवर. ४८० च्या डोसला दोन वायल, दोन्हींची स्टिकरं.