मदत हवी: क्रेनची ड्राइव्ह रोज दुपारी ट्रिप होते

बुटीबोरीवाला: क्रेनला मागच्या वर्षी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) बसवली. आता रोज दुपारी ट्रिप होऊन राहिली. रीसेट केली की चालते, थोड्या वेळात पुन्हा तेच. पॅनलवाला म्हणतो ड्राइव्ह गेली, नवी घ्या. पॅनल पत्र्याच्या अगदी खाली आहे, उन्हानं होत असेल का? लवकर सांगा, संध्याकाळी गाडी भरायची आहे.

तापमापक: ऊनच आहे, दुसरं काही नाही. बऱ्याच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात, पुढे डीरेट कराव्या लागतात, म्हणजे कमी करंटवर चालवाव्या लागतात. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५, मग पत्र्याखाली काय असेल? पॅनलला एसी लावा. आम्ही लावला, कटकट मिटली.

ओहमभाऊ: एसीचं मागून बघू. होइस्ट (लोड वर-खाली) की सीटी (ट्रॉली आडवी) की एलटी (अख्खा पूल रुळावर)? वर घेताना की खाली सोडताना? स्क्रीनवर फॉल्ट काय येतो? क्रेन किती टनी? नुसतं ‘ट्रिप होते’ म्हटल्यावर काय सांगायचं, भाऊ.

बुटीबोरीवाला: होइस्टच ना जी. १० टन, मोटर ११ किलोवॅट. एलटी, सीटी मस्त चालतात. फॉल्ट ओव्हरव्होल्टेज. दुपारी लाइनचं व्होल्टेज वाढत असेल म्हणून वीज कंपनीकडे तक्रार टाकू का?

जुना_फिटर: आमच्या काळी हिंगण्याला स्लिपरिंग मोटर, रोटरला रेझिस्टन्स बॉक्स आणि ओळीनं कॉन्टॅक्टर. पंचवीस टन उचलायचो, ओव्हरव्होल्टेज हा शब्दही ऐकला नव्हता. हे इलेक्ट्रॉनिक खेळणं कशाला लावता?

पॅनलपंडित: काका, त्या कॉन्टॅक्टरच्या टिप्स घासत तुम्हीच बसायचे ना? आणि प्रत्येक नॉचला, म्हणजे वेगाच्या पायरीला, गिअरबॉक्सला बसणारा झटका? साच्यावर साचा मिलिमीटरनं बसवायचा असला की कळतं ड्राइव्ह कशाला.

जुना_फिटर: हात असला की नॉचवरही बसवता येतं.

गतिमान: सोपं आहे. डिसेलरेशन टाइम (वेग उतरायचा वेळ) ३ चा १० सेकंद करा. तरी नाही थांबलं तर ओव्हरव्होल्टेज कंट्रोलचा पॅरामीटर ऑन करा. आमच्या ब्लोअरला हेच केलं, पुन्हा ट्रिप नाही.

ओहमभाऊ: ब्लोअरला चालतं, होइस्टला बिलकुल नको! तो पॅरामीटर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसचं व्होल्टेज वाढलं की मोटरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, वाढवतो. म्हणजे लोड खाली येत असताना वेग कमी व्हायच्या जागी वाढेल. खाली माणसं उभी असतात, बाप्पा.
रॅम्प, म्हणजे तो डिसेलरेशन टाइम, वाढवूनही उपयोग नाही. एलटीला असतो, कारण तिथे फक्त थांबतानाच वीज उलटी येते. होइस्टवर लोड खाली येतो तोवर सगळा वेळ मोटरला ओढत असतो. मोटर जनरेटर होते आणि वीज ड्राइव्हच्या डीसी बसवर चढते. ४१५ व्होल्ट सप्लायला बस ५८७ च्या आसपास असते, ८०० कडे गेली की ड्राइव्ह बंद. ती वीज जाळायलाच ब्रेकिंग चॉपर (वीज रेझिस्टरकडे वळवणारा स्विच) आणि डीबीआर (ब्रेकिंग रेझिस्टर) असतो.
आता दोनच गोष्टी सांगा. ट्रिप खाली सोडतानाच होते का? आणि दुपारी काय उचलता?

बुटीबोरीवाला: हो, सोडतानाच. सकाळी तीन-साडेतीन टनाचे बंडल, जेवणानंतर आठ टनाची डाय (साचा).

ओहमभाऊ: मग उन्हाचा संबंध नाही. तीन टनाची वीज गिअरबॉक्स आणि मोटरच्या लॉसमध्येच बरीचशी जिरते. आठ टनाची जिरत नाही, तिला रेझिस्टर लागतो. डीबीआर बसवलाय का? क्रेनच्या पुलावर चढून बघा.

वीजवाचवा: रेझिस्टर म्हणजे वीज वाया! रीजनरेटिव्ह युनिट लावा, सगळी वीज लाइनला परत. बिल खूप कमी होतं.

पॅनलपंडित: होइस्ट दिवसातून असा किती वेळ लोड खाली सोडतो? त्यांना डाय उतरवायची आहे, बिल नाही. बुटीबोरीभाऊ, थ्रस्टर ब्रेकचा (लोड धरून ठेवतो त्या ब्रेकचा) सप्लाय ड्राइव्हच्या आधीच घेतलाय ना? आउटपुटवरून घेतला असेल तर कमी फ्रिक्वेन्सीला ब्रेक अर्धवट उघडतो, लायनर जळतात.

नोकरी_पाहिजे: आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, बुटीबोरीत क्रेन मेंटेनन्सला जागा आहे का?

बुटीबोरीवाला: ब्रेक वेगळ्या कॉन्टॅक्टरवर आहे. पुलावर चढलो. वॉकवेच्या कडेला जाळीचा डबा आहे, त्यावर ४० ओहम लिहिलंय. मीटर लावला तर काहीच दाखवत नाही, ओपन. आत एका कॉइलची वायर लगजवळ (टोकाच्या जोडाजवळ) काळी पडून तुटलेली, नट हातानं फिरतो. ड्राइव्ह बदलायचं कोटेशन कालच आलं होतं.

ओहमभाऊ: कोटेशन ठेवा बाजूला. एलटीच्या रुळाच्या जोडावर पूल हादरतो, नट ढिले होतात. तुटलेली वायर पिळून जोडू नका, हीटरची कॉइलही नको. ओहम तेवढेच घ्या. मॅन्युअलमधल्या किमानापेक्षा कमी घेतले तर चॉपर उडेल. वॅटेज होइस्टच्या ड्यूटीप्रमाणे. मेन बंद करून बस डिस्चार्ज झाली का मोजा, मगच हात घाला. नवा बसला की आधी तीन टन, मग आठ, आणि सोडताना स्क्रीनवर बस व्होल्टेज बघत राहा.

पॅनलपंडित: आणि प्रत्येक ट्रिपला ब्रेक धावत्या लोडवर आपटलाय. लायनर आणि ब्रेक ड्रम बघितल्याशिवाय डाय उचलू नका. सक्षम व्यक्तीकडून होणाऱ्या क्रेनच्या तपासणीची तारीख जवळ असेल तर त्यांनाही हे सांगा.

बुटीबोरीवाला: आज डाय उचलत नाही. गाडी बंडलवरच भरतो. ४० ओहमचा रेझिस्टर नागपुरात तयार मिळेल की बनवून घ्यावा लागेल?

तापमापक: तरी एसी लावाच.