वजनाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे: भीती आणि पूर्वतयारी

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ४४ असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ४२ आहे, मधुमेह आहे, झोपेत श्वास अडखळत असल्याचे तपासणीत निघाले आहे आणि गुडघ्यांमुळे शाळेचा जिना चढणे नकोसे झाले आहे. पुण्यातील एका रुग्णालयात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून उरलेली अरुंद नळी ठेवण्याची शस्त्रक्रिया) करण्याचे ठरले असून पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. पथ्य, चालणे, काढे, पुड्या हे सगळे करून झाले आहे, त्यामुळे भात सोडून पाहण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

निर्णय एकदाचा झाला की जीव भांड्यात पडेल अशी माझी समजूत होती, पण तारीख ठरल्यापासून झोपच उडाली आहे. भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर काय, ही एक भीती. आणि जठराचा मोठा भाग कापून काढल्यावर तो परत जोडता येत नाही, ही दुसरी. त्यात सासूबाई रोज एकदा तरी म्हणतात की धडधाकट पोट कशाला कापून घ्यायचे, जिभेला लगाम घातला की झाले. त्या वाईट हेतूने बोलत नाहीत हे मला कळते, तरीही ते मनाला लागते.

माझे प्रश्न असे आहेत. इतकी भीती वाटते याचा अर्थ मनाची तयारी झालेली नाही असा धरून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का? मधल्या दिवसांत नेमके काय करावे? मी शाकाहारी आहे आणि संकष्टी व एकादशी दोन्ही करते. शाळेत काय सांगावे, हेही सुचवल्यास बरे होईल.

गोदाकाठची मावशी

ताई, माझी वजनासाठीची बायपास (हृदयाची नव्हे; जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात ती) होऊन काही वर्षे झाली. भीती वाटणे आणि तयारी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्याला काय खाता येईल, कोणत्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील आणि कोणत्या तपासण्या दरवर्षी कराव्या लागतील हे ज्याला सांगता येते, त्याची तयारी झालेली असते, मग हातपाय कितीही कापत असोत. उलट, शस्त्रक्रियेनंतर सगळे आपोआप होईल असे मानून निर्धास्त असलेल्या माणसाची मला जास्त काळजी वाटते.

आता कामाचे. तुम्हाला बहुधा शेवटचे दोन आठवडे कमी कॅलरीचा आणि अगदी कमी पिष्टाचा आहार सांगतील. काही ठिकाणी तो जवळजवळ पूर्ण द्रवरूप असतो. तो वजन उतरवून दाखवण्यासाठी नसतो. आपल्या वजनाच्या माणसांचे यकृत चरबीमुळे फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो, त्यामुळे दुर्बिणीतून काम करताना तो बाजूला धरावा लागतो. या आहाराने यकृतातील साखरेचा साठा आणि चरबी उतरते, ते लहान व लवचिक होते आणि शल्यविशारदाला जागा मिळते. 'शेवटचे एकदा' म्हणून मिसळ, पुरणपोळी आणि आंबरसाचे निरोपसमारंभ करणारे मी पाहिले आहेत. त्याचा त्रास टेबलावर होतो, हे लक्षात ठेवावे.

म्हणून या काळातल्या संकष्टी आणि एकादशीबद्दल आहारतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्या. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळे, बटाटा हे सगळे पिष्टच आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन नुसते पाणी पिऊन राहणे त्याहून धोक्याचे. माझ्या आईने देवापुढे सुपारी ठेवून सांगितले होते की एवढा काळ उपास घडणार नाहीत, आणि तो विषय तिथेच संपला.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा प्रथिनांची असते. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि ती वाटीभर वरणातून निघत नाहीत. घट्ट दही, पनीर, सोयाबीन, मुगाचे धिरडे हे पुढे उपयोगी पडतेच, पण सुरुवातीला प्रोटीन पावडरशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आत्ताच दोन-तीन प्रकारांची छोटी पाकिटे आणून चव पाहा. मला व्हॅनिलाच्या वासानेच मळमळायचे, आणि ते मोठा डबा घरी आल्यावर कळले असते तर फार चडफडाट झाला असता. बी१२, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची पातळी अजून पाहिली नसेल तर पाहून घ्या. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी१२ मुळातच कमी सापडते आणि शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घसरते.

आणखी एक सवय आजपासून लावा. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको, आणि पाणी प्यायचे ते घोट-घोट. शाळेत मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवणाऱ्या शिक्षिकेला हे किती अवघड जाते ते मी जाणते, कारण मीही त्याच पेशातली आहे. शाळेत 'पोटाची शस्त्रक्रिया आहे' एवढे सांगणे पुरेसे असते. रजेच्या अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, सहकाऱ्यांच्या कुतूहलाला ते दाखवावे लागत नाही.

भूलशास्त्र

मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या पहिल्या भीतीबद्दल लिहितो, आणि ती खोटी आहे असे म्हणणार नाही. धोका शून्य नसतो. मात्र अनुभवी केंद्रांमध्ये या शस्त्रक्रियेनंतरच्या महिनाभरातील मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास असते, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे. जी गुंतागुंत होते तीही बहुतेक वेळा भुलेमुळे नसते. जठर कापून जिथे पिना मारून बंद करतात त्या स्टेपलच्या रेषेतून रक्तस्राव होणे, तिथून गळती होणे किंवा पिंडरीत रक्ताची गुठळी धरणे ही तिची मुख्य रूपे आहेत. म्हणूनच पायांना दाबाचे मोजे चढवतात, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात आणि बहुधा त्याच संध्याकाळी तुम्हाला उभे करून चालवतात. त्या वेळी खांदा दुखला तर घाबरू नका, पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे तसे होते.

स्थूल व्यक्तीला भूल देताना आमची मुख्य चिंता श्वासाची असते. आडवे झोपल्यावर पोटाचा भार फुप्फुसांवर येतो आणि प्राणवायूचा साठा लवकर संपतो. त्यासाठी आम्ही खाली उशांचा उतार रचून डोके आणि खांदे इतके उचलतो की कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका आडव्या रेषेत यावा. मग काही मिनिटे मास्कमधून शुद्ध प्राणवायू देतो आणि त्यानंतरच झोपेचे औषध शिरेत जाते. तुम्हाला आठवेल ते एवढेच. शुद्धीवर आल्यावर घसा थोडा खवखवेल, कारण नळी घातलेली असते.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोपेतला श्वास. सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) सांगितले असेल तर ते आजपासून रोज रात्री वापरा आणि रुग्णालयात जाताना स्वतःचे यंत्र व मास्क बरोबर न्या. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री, वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली, त्याची गरज सर्वांत जास्त असते. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचे श्वासाच्या व्यायामाचे खेळणे मिळाले असेल तर त्याचा सरावही आधीच सुरू करावा.

दुसरे, औषधांची यादी. ती तोंडी न सांगता गोळ्यांच्या पट्ट्याच घेऊन जा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावे लागते. पिष्ट कमी असलेल्या द्रव आहारावर त्याच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही ते घडते, म्हणून लक्षात येत नाही. ही औषधे पुष्कळदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊकच नसते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर प्रश्न उलटा आहे, कारण खाणे कमी झाले आणि मात्रा तीच राहिली तर साखर एकदम खाली येते. हे बदल स्वतःच्या मनाने करू नयेत. आहार सुरू होण्याच्या आधीच मधुमेहाच्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचे इंजेक्शन कधी सुरू केले असेल तर तेही लपवू नका. त्याने जठर उशिरा रिकामे होते आणि उपाशी पोटी आलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न सापडू शकते.

तंबाखू, तपकीर, मशेरी यांपैकी काही असेल तर ते आजच बंद व्हायला हवे. मशेरीला तंबाखू न मानणाऱ्या भगिनी मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

शंकेखोर

येथे सगळेजण शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलत आहेत म्हणून मी थोडा वेगळा सूर लावतो. माझी स्लीव्ह झाली, वजन उतरले, मधुमेहाची एक गोळी सुटली, आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास, जो आधी अधूनमधून होता, तो कायमचा मागे लागला आणि आता रोज गोळी घ्यावी लागते. स्लीव्हनंतर आम्लपित्त बळावू शकते हे सर्वज्ञात आहे, आणि ज्यांना आधीच तो त्रास असतो त्यांच्यासाठी बायपासचा विचार करतात. मला ते कागदावर दिले होते, पण समोर बसून कोणी समजावले नव्हते.

म्हणून ताईंना माझे सांगणे असे की 'माझ्यासाठी स्लीव्हच का' हा प्रश्न शल्यविशारदांना स्पष्टपणे विचारावा आणि एंडोस्कोपीच्या अहवालात जठर वर सरकल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. उत्तर समाधानकारक नसेल तर तारीख पुढे ढकलण्यात काहीही कमीपणा नाही. बायपासचीही स्वतःची किंमत आहे. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यानंतर घेता येत नाहीत, कारण जोडावर व्रण होतो, आणि लोहाची कमतरता जास्त होते. मात्र हे सगळे आधी कळले पाहिजे.

सासूबाईंबद्दल एवढेच की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात मुख्यतः तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये काढतात. केवळ जिभेच्या लगामाचा प्रश्न असता तर त्याचा इतका परिणाम दिसला नसता.

डोंबिवलीकर

माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली, त्या अनुभवावरून थोडेसे. विमा असेल तर कॅशलेसची पूर्वमंजुरी दाखल होण्याच्या बऱ्याच आधी मागा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी पॉलिसीत साधारणपणे बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासावरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह अशी अट असते. तुम्ही तीत बसता, पण प्रतीक्षाकाळ तपासून घ्या. उंची-वजनाची नोंद, स्लीप स्टडीचा अहवाल आणि आधीच्या उपचारांची कागदपत्रे एका फाइलमध्ये ठेवा. आमचा अर्ज जुन्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवाचून अडकला होता.

घरी परतल्यावर पहिले काही दिवस स्वयंपाकघराचा ताबा दुसऱ्या कोणाकडे असू द्या. फोडणीच्या वासाने तिला गरगरायचे, आणि आम्ही मात्र तिच्यासमोर वांग्याचे भरीत खात बसायचो, ते बरे दिसले नाही. घरातल्या एका माणसाला धोक्याच्या खुणा पाठ असाव्यात: नाडी सतत जलद चालणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, दम लागणे, पाणीही न टिकणे. यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करायचा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्यांच्या पट्ट्या काढून पाहिल्या तेव्हा मेटफॉर्मिनच्या नावाखाली बारीक अक्षरात डापाग्लिफ्लोझिनही लिहिलेले सापडले. मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला असून ते लेखी वेळापत्रक देणार आहेत. एंडोस्कोपीत जठर किंचित वर सरकल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे शल्यविशारदांकडे पुन्हा वेळ मागितली आहे. त्यांनी पद्धत बदलायची म्हटले तर तारीख हलेल, आणि आश्चर्य म्हणजे या विचाराने मला पूर्वीइतके घाबरायला होत नाही. सासूबाईंना घ्रेलिनचे सांगितले. त्यांचे मत बदललेले नाही, मात्र प्रोटीन पावडर त्या स्वतःच ताकात घुसळून पाहत आहेत.

एकच शंका राहिली. सीपॅपचा मास्क लावला की मला कोंडल्यासारखे होते आणि मध्यरात्री मी तो काढून टाकते. याला काही उपाय आहे का?

भूलशास्त्र

आहे. पहिले काही दिवस मास्क रात्री न लावता दिवसा, जागेपणी, बसून लावा: आधी नुसता हातात धरून, मग पट्टे बांधून, मग यंत्र चालू करून, वह्या तपासताना किंवा दूरदर्शन पाहताना. यंत्रात दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती चालू आहे का ते पुरवठादाराकडून पाहून घ्या. पूर्ण चेहऱ्याचा मास्क असेल आणि नाक चोंदत नसेल तर फक्त नाकावर बसणारा मास्क मागून पाहा. पुष्कळांना त्यात कमी कोंडल्यासारखे वाटते. पट्टे फार आवळू नयेत, दोन बोटे जातील इतके सैल असावेत. एवढे करूनही जमले नाही तर भूलपूर्व तपासणीच्या दिवशी तसे स्पष्ट सांगा, म्हणजे पहिल्या रात्रीसाठी अतिदक्षता विभागातली खाट आधीच राखून ठेवता येते.