म्हशीचे मांस घाऊक घेऊन फ्रीझरमध्ये ठेवायचे आहे, मदत हवी आहे

खाडीकाठ: आमच्या नेहमीच्या खाटकांकडून म्हशीची मागची अख्खी रान (मांडी) सुट्ट्या भावापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळते आहे, मात्र त्यांना परवापर्यंत होकार कळवायचा आहे. पावसाळ्यात दापोलीपर्यंत जाणे-येणे नकोसे होते, म्हणून एकदाच घेऊन ठेवावे असे घरात ठरले आहे. हे मांस किती महिने टिकेल आणि ते कसे बांधून ठेवावे, एवढेच कृपया लवकर सांगावे. ‘ताजे आणा, ताजे खा’ हा सल्ला आमच्या आईकडून रोज मिळतो, तो येथे नको.

बाणकोटकर: फ्रीझर म्हणजे फ्रीजच्या वरचा कप्पा की स्वतंत्र पेटी? वजन किती, हाडासह की बिनहाडाचे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

नियमानुसार: आधी कायदा पाहावा. महाराष्ट्रात यावर बंदी आहे.

बाणकोटकर: शीर्षक पुन्हा वाचावे. गायीच्या कत्तलीवरील बंदी १९७६ च्या कायद्याची आहे. २०१५ मधील दुरुस्तीने तीत बैल आणि वळू आले, म्हैस आणि रेडा आले नाहीत. त्यांच्यासाठी जनावर कापण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते पाहणे खाटकाचे काम आहे. एवढा माल घरी नेताना त्यांच्याकडून पावती मात्र अवश्य घ्यावी, म्हणजे वाटेत कोणी विचारले तर बोलायला कागद असतो.

जुनी चूल: माझे ऐकाल तर मांस स्वच्छ धुऊन, हळद-मीठ चोळून मगच ठेवावे. आमच्या घरी वर्षानुवर्षे असेच होते आणि कधी वास आला नाही.

खाडीकाठ: स्वतंत्र पेटी आहे, २०० लिटरची, मासळीसाठी घेतलेली. सध्या निम्मी रिकामी आहे. रान हाडासह सुमारे ४० किलो भरेल. आता तरी सांगा.

बाणकोटकर: आता उत्तर देता येते. जागा पुरेल, अडचण वेगळीच आहे. चार तारे (थंडपणाची खूण, वीजबचतीची नव्हे) असलेला फ्रीझर चोवीस तासांत दर १०० लिटरमागे साधारण साडेचार किलो ताजे मांस गोठवू शकतो, म्हणजे आपली पेटी दिवसाला नऊ किलोच्या आसपास. चाळीस किलो एकदम कोंबल्यास मधले मांस तासन्‌तास कोमट राहून खराब होईल आणि आधीची मासळीही नरम पडेल. खाटकांना माल चार-पाच दिवसांत थोडाथोडा द्यायला सांगावा. ते तयार नसतील तर शेजारी दोन घरे भागीदार करावीत. शिवाय त्याच सकाळी कापलेले मांस लगेच गोठवू नये, ते शिजवल्यावर चिवट लागते. एक दिवस साध्या फ्रीजमध्ये ४ अंशांखाली ठेवून मग गोठवावे. पुढे उणे १८ अंशांवर मोठे तुकडे सहा-आठ महिने चांगले राहतात. खिमा आणि कलेजी तीन-चार महिन्यांत संपवावी.

‘जुनी चूल’ ताईंशी मात्र मी सहमत नाही. धुतलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि मिठामुळे फ्रीझरमध्येही चरबी लवकर खवट होते. मांस कोरडे पुसून, वरची चरबी काढून, एका वेळच्या स्वयंपाकापुरत्या चपट्या पिशव्या कराव्यात, हवा पूर्ण काढावी आणि वर तारीख लिहावी. जाड गोळा गोठायलाही वेळ घेतो आणि वितळायलाही.

जुनी चूल: आमच्याकडे खवट होत नाही, कारण महिन्याभरातच संपते. हे आधी लिहायला हवे होते, हे मान्य. पण न धुता मांस घरात ठेवायचे, हे मला पटणार नाही.

बाणकोटकर: वितळल्यावर, शिजवण्याच्या वेळी धुवावे. त्याला कोणाचीच हरकत नाही.

श्रीवर्धनवाला: सगळे महिने मोजत आहेत, विजेचा विचार कोणीच करीत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती आणि फ्रीझरमधले सगळे टाकून द्यावे लागले. पावसाळ्याच्या तोंडावर ४० किलो भरणे म्हणजे जुगार आहे. त्यापेक्षा मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हाळ्यातच वाळवाव्यात.

खाडीकाठ: ऊन कुठे राहिले आहे आता? आणि वीज आमच्याकडे जाते, पण सहसा चार-सहा तासच.

बाणकोटकर: तेवढ्याने काही होत नाही. गच्च भरलेली पेटी न उघडल्यास साधारण ४८ तास थंड राहते, निम्मी भरलेली २४ तास. म्हणून मांस कमी घेतल्यास उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या, तोंडाशी थोडी जागा सोडून, आधीच गोठवून ठेवाव्यात. वादळाचा इशारा असेल तेव्हा श्रीवर्धनवाल्यांचे म्हणणे खरे आहे.

रविवारचा_स्वयंपाकी: या मांसाला कुकरमध्ये सुरुवातीलाच टोमॅटो घालू नये, आधी नुसते आले-लसूण आणि कच्च्या पपईचा तुकडा.

खाडीकाठ: खाटकांशी फोनवर बोललो. रान दोन भागांत देणार, वीस किलो शुक्रवारी आणि उरलेले पुढच्या बुधवारी, दर तोच. हाडे वेगळी काढून आणावीत की आतच राहू द्यावीत?

बाणकोटकर: काढूनच आणावीत, त्यांची टोके पिशव्या फाडतात. नळ्या वेगळ्या बांधाव्यात आणि आधी त्याच संपवाव्यात.