एकाच मुलात मारामारीही आणि रडूही: सुरुवात कुठून करायची?

वर्गखोली:
शाळेत समुपदेशक आहे. चौथीतला साडेनऊ वर्षांचा मुलगा. दुसरीपासून तक्रारी: रांगेत ढकलणं, दुसऱ्यांच्या वह्या फाडणं, बाईंना उलट उत्तरं. दिवाळीच्या सुट्टीनंतर नवीनच सुरू झालं. रविवारी रात्री पोट दुखतं, डबा तसाच परत जातो, "मला कुणी खेळायला घेत नाही" म्हणून रडतो. आईने भरलेल्या एसडीक्यू प्रश्नावलीत (मुलांच्या वर्तन-भावनांची चाळणी, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त) वर्तन 6, भावनिक 6, चंचलता 6, समवयस्कांशी संबंध 5, एकूण 23. वर्गशिक्षिकेच्या फॉर्मवर मात्र भावनिक फक्त 2. घरच्यांचं म्हणणं, मारामारी तेवढी थांबवा, बाकीचं आपोआप जाईल. हे दोन वेगळे प्रश्न समजायचे की एकच? आणि हात कशाला आधी घालायचा?

निशिगंध:
पालकांच्या फॉर्मवर एकूण 17 किंवा जास्त, वर्तन 4 किंवा जास्त आणि भावनिक 5 किंवा जास्त आलं की आकडा वरच्या गटात धरतात. म्हणजे दोन्ही बाजू वर आहेत. (या मर्यादा ब्रिटिश मुलांवरून ठरवल्यात, त्यामुळे चाळणी म्हणून वापरा, निदान म्हणून नको.) बाईंचा 2 पाहून गोंधळू नका. वर्गात मारामारी दिसते, पोटातली भीती दिसत नाही. भावनिक बाजूबद्दल शिक्षक आणि पालक यांचं एकमत बऱ्याचदा होतच नाही.

तुमच्या मुलाचा क्रम ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी तो घराघरांत बसून, निरीक्षणं करून मांडला. आई म्हणते, "गणिताची वही काढ." मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते, तो वही फेकतो. शेवटी आई थकून म्हणते, "जाऊ दे, नको करूस." मुलगा शिकला की जोरात ओरडलं की गृहपाठ टळतो. आई शिकली की माघार घेतली की घर शांत होतं. दोघांनाही लगेच फायदा, म्हणून हे दिवसातून अनेकदा घडत राहतं.

हीच रीत घेऊन तो शाळेत जातो. तिथली मुलं आईसारखी माघार घेत नाहीत, ती सरळ खेळातून काढून टाकतात. भांडणात आणि वर्गाबाहेर उभं राहण्यात वेळ गेल्याने अभ्यासही मागे पडतो. मित्र नाहीत, मार्क नाहीत. उदासी यातून येते. पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हाच दुहेरी अपयशाचा रस्ता मांडला होता. मानसशास्त्रज्ञ अॅन मॅस्टन यांच्या गटाने अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये 205 मुलांना 20 वर्षं पाहिलं, तिथेही तोच ओघ दिसला: लहानपणी वर्तनाच्या तक्रारी, किशोरवयात अभ्यासात घसरण, तरुणपणी भावनिक त्रास.

म्हणून "बाकीचं आपोआप जाईल" हे अर्धंच खरं. मारामारी थांबली तरी वर्गातलं नाव तेच राहतं. मित्र परत मिळवून द्यावे लागतात.

पिंपळपान:
निशिगंध, क्रम पटतो, पण इथे तोच आहे हे आधी तपासा. "दुसरीपासून" ही मोठ्यांची आठवण आहे. चिंता त्याही आधीपासून असेल तर ती कुणी लिहून ठेवलेली नसते.

सात दिवस प्रत्येक प्रसंगाच्या तीन ओळी लिहून घ्या: लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. वर्गशिक्षिकेला रोज दोन मिनिटं पुरतात. भांडणं मधल्या सुट्टीत होत असतील तर निशिगंधचं बरोबर. पण प्रकटवाचनाच्या किंवा घटक चाचणीच्या आधी होत असतील, तर तो वर्गातून बाहेर पडायचा मार्ग शोधतोय. मग वर्गाबाहेर उभं करणं ही शिक्षा नाहीच, ते त्याला हवं ते देणं आहे.

तसं दिसलं तर तिसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा मोठ्याने वाचायला द्या. मग त्याच तोडीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं चोख आणि वाचताना अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (समज असूनही वाचन-लेखन अवघड जाणं) तपासणी हवी. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे फार वेळा राहून जातं. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

आणखी एक. दोन भांडणांच्या मधल्या वेळात तो कसा असतो? उद्दाम वर्तनाच्या निदानात आठ लक्षणं असतात, त्यातली तीन मनःस्थितीची: पटकन भडकणं, लहानसहान गोष्ट लागणं, कायम रागात असणं. स्ट्रिंगारिस आणि गुडमन (एसडीक्यू बनवणारेच) या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की या चिडचिडीचा संबंध भावनिक आजारांशी जास्त आहे, वाद घालण्याचा आणि न ऐकण्याचा तेवढा नाही. सारखा धुमसणारा मुलगा आणि भांडण संपल्यावर हसत खेळायला जाणारा मुलगा, दोघांना एकच उपाय चालत नाही.

वर्गखोली:
नोंदी उद्यापासून सुरू करते. वडील अधूनमधून हात उगारतात, त्यांना "मग करू काय?" याचं उत्तर हवंय. पोटदुखीच्या दिवशी आई घरी ठेवते.

निशिगंध:
पिंपळपानच्या नोंदी आधी, हे मान्य. पण पुढचं काम कुठल्याही निकालाला चालतं, नोंदींसोबतच सुरू करा.

पहिले दोन आठवडे शिक्षेला हात लावू नका, फक्त मार बंद. माराने भांडणाची पद्धतही शिकवली जाते आणि भीतीही वाढते. रोज 10 मिनिटं वडिलांनी त्याच्यासोबत तो म्हणेल तो खेळ खेळायचा. सूचना नाहीत, प्रश्न नाहीत, अभ्यासाचा विषय नाही. कौतुक नेमकं हवं: "शहाणा आहेस" नको, "हरलास तरी पत्ते फेकले नाहीस" असं. सूचना जवळ जाऊन, एका वेळी एकच, आणि मग पाच सेकंद गप्प.

तिसऱ्या आठवड्यापासून कुरबुर आणि आरडाओरडा याकडे दुर्लक्ष. सुरुवातीला आवाज वाढणारच, हे वडिलांना आधी सांगून ठेवा. चौथ्या दिवशी कंटाळून माघार घेतली तर त्याला आणखी जास्त वेळ ओरडायला शिकवलं, एवढंच होतं. मारलं किंवा मोडतोड केली तरच एका जागी शांत बसवणं, तीन ते पाच मिनिटं, तेही न रागावता.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे. दुर्लक्ष करायचं ठरलं की लोक भीतीच्या रडण्याकडेही दुर्लक्ष करतात. मग मुलगा सांगणंच बंद करतो. उलट बाजूला, पोटदुखीला शाळा बुडवली की भीती पुढच्या सोमवारी वाढलेली असते. डॉक्टरांनी पोट एकदा तपासलं आणि काही निघालं नाही, की रोज शाळेत जायचंच. दुखलं तर तुमच्या खोलीत 10 मिनिटं, मग वर्गात परत. "दुखतंय हे कळलं, आपण वर्गात एक तास बसून बघू" एवढंच बोलायचं.

मित्रांसाठी मधल्या सुट्टीत दोन शांत मुलांसोबत नियम ठरलेला खेळ, 15 मिनिटं, मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. सगळ्या वर्गाच्या खेळात इतक्यात ढकलू नका.

सांजवेळ:
दोन गोष्टींची भर. हा मुलगा रडतोही आणि हातही उचलतो, म्हणून "जगायचं नाही असं कधी वाटतं का?" हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल, दोन आठवडे खाणं-झोप बिघडलेली असेल किंवा कुणी त्रास देत असल्याचा संशय असेल, तर वरच्या उपायांचा परिणाम दिसेपर्यंत वाट पाहू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. खाजगी फी झेपत नसेल तर जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. ही केंद्रं ज्यात येतात तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पालकांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या, मराठीत बोलता येतं.

दुसरं, फरक मोजायला तोच एसडीक्यू पुन्हा भरू नका. मूळ फॉर्म गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतो, त्यात जुनं सगळं येईल. पाठपुराव्याचा वेगळा फॉर्म आहे, तो गेल्या महिन्याबद्दलच विचारतो.