चालती जुनी यंत्रे आणि त्यांच्या भोवतालचे इंग्लंड: वडिलांना काय दाखवावे?

परळची लेक

नमस्कार. गेली चार वर्षे मी बेडफर्डशायरमध्ये राहते. माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले असून जूनमध्ये ते पहिल्यांदाच इंग्लंडला येत आहेत. त्यांच्या अटी दोनच आहेत. लंडनमध्ये एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही आणि दोरीपलीकडे उभी केलेली यंत्रे पाहायची नाहीत. "उभे इंजिन म्हणजे पुतळा. पुतळे दादरलाही आहेत," असे ते फोनवर म्हणाले. त्यामुळे १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे वाफेचे इंजिन 'मॅलार्ड' जिथे ठेवले आहे, ते यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय यादीतून बाद झाले आहे.

हा प्रश्न विचारावासा वाटला तो ओल्ड वॉर्डनमुळे. आमच्या घरापासून जवळच असलेल्या या खेड्यात शटलवर्थ संग्रहाची जुनी विमाने गवताच्या धावपट्टीवरून आजही उडतात. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिथे १९०९ सालचे ब्लेरिओ विमान पाहिले. वारा पूर्ण पडल्याशिवाय ते बाहेर काढत नाहीत, आणि काढले तरी ते धावपट्टीवरच सरळ रेषेत जरा उचलले जाते आणि पुन्हा टेकते. तेवढ्यासाठी शेकडो माणसे थर्मासमधला चहा पीत दोन तास झाडांची पाने हलायची थांबतात का, हे पाहत बसली होती. त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या काळातले ॲव्रो ५०४ आले आणि सगळ्या मैदानावर एरंडेलाचा वास पसरला. त्या इंजिनात पंख्याबरोबर सिलिंडरही गरगर फिरतात आणि वंगणाचे एरंडेल जळक्या धुराबरोबर बाहेर फेकले जाते. त्या काळच्या वैमानिकांच्या पोटावर त्याचा काय परिणाम होत असे, हे लहानपणी आजीच्या हातून एरंडेल घेतलेल्यांना सांगायला नको.

आमच्या शेजारी एक निवृत्त सिग्नलमन राहतात. त्यांचे म्हणणे असे की, यंत्रे वाचली, पण त्यांच्या भोवतालचे जगणे गेले. आपल्यापैकी जे साठ ते ऐंशीच्या दशकांत इथे राहिले आहेत, त्यांनी त्या जगण्याविषयी लिहावे आणि वडिलांना कुठे न्यावे तेही सुचवावे, ही विनंती.

न्यूटनकर

आपल्या वडिलांना एक प्रश्न विचारावा. डेक्कन क्वीन ओढणाऱ्या 'डब्ल्यूसीएम-१' इंजिनांवरची कारखान्याची पाटी त्यांना आठवते का? तिच्यावर वल्कन फाउंड्रीचे नाव होते. लँकेशरमधल्या न्यूटन-ली-विलोज या गावातला हा कारखाना. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिनेही तिथलीच. मी १९६६ साली तिथे शिकाऊ अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा तो इंग्लिश इलेक्ट्रिकच्या ताब्यात होता आणि ब्रिटिश रेल्वेसाठी डी-४०० वर्गाची पन्नास डिझेल इंजिने बांधण्याचे काम लवकरच तिथे सुरू व्हायचे होते. म्हणजे वाफेच्या इंजिनांना घरी बसवण्याच्या कामावरच मी आलो होतो, आणि माझ्या विभागातल्या जवळजवळ प्रत्येकाचे बालपण त्याच वाफेच्या इंजिनांचे क्रमांक वहीत टिपण्यात गेले होते.

त्या शेवटच्या दोन वर्षांतली इंजिने पाहवत नसत. नावांच्या पितळी पाट्या चोरीच्या भीतीने काढून ठेवलेल्या, मूळचा हिरवा रंग काजळीखाली दिसेनासा झालेला, आणि काही इंजिनांवर क्रमांकही खडूने लिहिलेला. दुरुस्तीवर पैसा घालायचा नाही, बिघडले की भंगारात पाठवायचे, असा हिशेब होता. 'इव्हनिंग स्टार' हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन १९६० साली स्विंडनमधून बाहेर पडले आणि १९६५ साली सेवेतून काढले गेले. ज्या यंत्राने चाळीस वर्षे आरामात काढली असती, त्याला पाच वर्षांत निवृत्त करणे कोणत्याही फिटरला पटणार नाही. आम्हालाही पटले नव्हते, पण आमचा पगार डिझेलवर होता.

११ ऑगस्ट १९६८ हा रविवार होता. मुख्य मार्गांवरच्या वाफेच्या गाड्यांना निरोप देण्यासाठी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला आणि परत अशी खास गाडी सोडली होती. तिचे तिकीट पंधरा गिनी, म्हणजे पंधरा पौंड पंधरा शिलिंग होते. माझ्या खोलीचे महिन्याचे भाडेही तेवढे नव्हते. त्यामुळे बसण्याचा प्रश्न आला नाही. गाडी आमच्याच गावावरून जाणार होती, म्हणून मी घरमालकीणबाईंबरोबर रुळाकाठच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. बाई एरवी वाफेच्या इंजिनांना शिव्या घालत, कारण सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस आणि त्याच दिवशी दोरीवरच्या चादरींवर काजळी येऊन बसे. त्या दिवशी मात्र त्यांनी चर्चला जायचा कोट घातला होता. कुंपणाशी गिरणीतल्या बायका, खांद्यावर मुले घेतलेले बाप आणि आमच्या कारखान्यातले कितीतरी जण होते. ४५११० क्रमांकाचे इंजिन घासूनपुसून लख्ख केले होते. ते आले, शिटी दिली आणि अर्ध्या मिनिटात गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "चला, चहा टाकते," आणि आम्ही घरी आलो.

भोवतालच्या जगण्याबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. खोलीतल्या गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचे नाणे टाकल्याशिवाय शेगडी पेटत नसे, त्यामुळे पगाराच्या दिवशी प्रत्येक जण आधी नाणी मोडून घेई. आठवड्यात एका दिवशी दुपारनंतर गावातली सगळी दुकाने बंद होत. उन्हाळ्यात 'वेक्स वीक' आला की गावातल्या गिरण्या एकदम थांबत आणि शेजारीपाजारी सगळे एकाच गाडीने समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जात. एरवी जे शेजारी भिंतीपलीकडे असत, ते तिथेही बाजूच्याच खुर्चीत. फलाटाच्या टोकाला शाळकरी मुले वही-पेन्सिल घेऊन दिवसभर बसत आणि पोर्टर त्यांना हाकलत नसे. आज ही सवलत कोणते स्टेशन देईल?

कुठे न्यावे, याला माझे उत्तर लफबरो. तिथून लेस्टरच्या उत्तर टोकापर्यंतच्या सुमारे आठ मैलांच्या ग्रेट सेंट्रल मार्गाच्या मोठ्या भागावर दुहेरी रूळ पुन्हा टाकले आहेत, त्यामुळे वाफेच्या दोन गाड्या चालत्या स्थितीत एकमेकींना ओलांडताना दिसतात. बाकीच्या जतन केलेल्या बहुतेक मार्गांवर रूळ एकेरीच आहेत. शिवाय वडिलांना गाडीत बसवण्याआधी इंजिनांच्या शेडकडे न्यावे. फिटर माणसाला डब्याच्या खिडकीतून काय दिसणार?

लिंकनवासिनी

न्यूटनकर यांच्या वल्कनमागोमाग माझा वल्कन येऊ द्या. १९७४ ते १९८५ या काळात मी लिंकनमध्ये परिचारिका होते आणि वॉडिंग्टनच्या हवाई तळाजवळच्या खेड्यात राहत होते. तिथे ॲव्रो वल्कन बॉम्बफेकी विमाने होती. त्रिकोणी पंखांची ती विमाने एकामागून एक उडाली की कपाटातल्या बश्या वाजत, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोपण्याचा विचार सोडून द्यावा. उड्डाणाच्या एका विशिष्ट टप्प्यावर त्यांच्या हवा ओढणाऱ्या तोंडांतून एक लांब हंबरडा निघे. तो ऐकून आमच्या खेड्यातला कुत्राही उठत नसे, इतकी सगळ्यांना सवय झाली होती. १९८२ च्या वसंतात अचानक रात्रीबेरात्री सराव सुरू झाले. कोणी काही बोलत नव्हते, पण बेकरीतल्या बाईंना तळावरून येणाऱ्या पावांच्या मागणीवरून काहीतरी मोठे घडणार असल्याचे आधीच कळले होते. पुढे मे महिन्यात असेन्शन बेटावरून, अर्जेंटिनाने घेतलेल्या फॉकलंड बेटांवर वल्कनने हल्ला केल्याची बातमी रेडिओवर आली. उडणारे शेवटचे वल्कन, एक्सएच ५५८, २०१५ सालच्या ऑक्टोबरात कायमचे जमिनीवर उतरले, तेव्हा माझ्या जुन्या शेजारणीने मला फोन केला. एके काळी याच आवाजाविरुद्ध तिने तक्रारीचे पत्र लिहिले होते.

परंतु एक सांगावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात लिंकनशरमध्ये चाळीसहून अधिक विमानतळ होते आणि ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमधल्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व विमानातल्या इतर कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. ज्या शहरांवर बॉम्ब पडले, तिथल्या माणसांची मोजणी वेगळीच. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. ते लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत बसणारे तोफची होते. स्मृतिदिनाच्या सुमारास लँकेस्टरच्या चार मर्लिन इंजिनांचा तो खोल, एकसुरी आवाज छतावरून गेला की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. म्हणून मी आजही तो आवाज ऐकायला जाते, पण पिकनिकची टोपली नेत नाही. आपल्या वडिलांना ईस्ट कर्कबी येथे न्यावे. तिथल्या शेतकरी भावांनी युद्धात गेलेल्या थोरल्या भावाच्या आठवणीसाठी एक लँकेस्टर मिळवले आणि जुन्या धावपट्टीवर उभे केले. ते उडत नाही, पण चारही इंजिने सुरू करून धावपट्टीवर फिरवले जाते, आणि आगाऊ पैसे भरल्यास आत बसता येते. चालते यंत्र ही अट त्यात पुरी होते.

आणखी एक. काजळी आणि चादरींची गोष्ट न्यूटनकरांनी गमतीने सांगितली आहे, पण त्या चादरी पुन्हा कोण धूत होते, हेही नोंदवावे. ते जगणे गेले याचे सगळ्याच बायकांना दुःख झाले नसणार.

वास्कोकर

मी भारतीय नौदलात तंत्रज्ञ होतो. सी हॅरियर विमानांच्या प्रशिक्षणासाठी १९८२-८३ मध्ये सॉमरसेटमधल्या योव्हिल्टन तळावर होतो, आणि पुढे दाबोळीला त्याच विमानांवर नोकरी केली. शनिवार-रविवारी सायकल काढून भटकत असे. जिथे जावे तिथे रूळ नसलेले पूल आणि ब्लॅकबेरीच्या जाळीत बुडालेले फलाट दिसत. ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष बीचिंग यांच्या १९६३ सालच्या अहवालाने २,३६३ स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली होती, आणि या भागातला सॉमरसेट-डॉर्सेट मार्ग १९६६ च्या मार्चमध्ये बंद झाला. पबमधला प्रत्येक म्हातारा त्या मार्गाचा फायरमन तरी होता किंवा फायरमनचा भाऊ तरी. पबच्या मागच्या लांबट खोलीत लाकडी चेंडूने नऊ खुंट पाडण्याचा 'स्किटल्स'चा खेळ चाले. त्यात मी फार वाईट होतो, पण संघात माणूस कमी पडला की मला बोलावणे येई.

त्याच मार्गाबरोबर टेम्पलकूमचे स्टेशनही बंद झाले होते, जरी लंडन-एक्झिटर गाड्या त्याच्या अंगणातून न थांबता जात राहिल्या. गावकऱ्यांनी पिच्छा पुरवून ते १९८३ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले. मी तेव्हा तिथे होतो. माझ्या मते सिग्नलमन शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण जगणे कधीकधी परतही मिळवता येते. वडिलांना वेळ असेल तर मात्र जवळची वेस्ट सॉमरसेट रेल्वे दाखवा. बिशप्स लिडियार्ड ते माइनहेड हा सुमारे वीस मैलांचा मार्ग शेवटी थेट समुद्राला जाऊन मिळतो.

परळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. वडील येऊन दहा दिवस झाले. न्यूटनकर काका, पाटीचा प्रश्न विमानतळावरच विचारला. "वल्कन फाउंड्री, न्यूटन-ली-विलोज," असे त्यांनी गावासकट सांगितले, फक्त 'विलोज'चे 'विलास' झाले होते.

लफबरोला आम्ही सकाळी नऊलाच पोहोचलो. शेडमध्ये काम करणारे स्वयंसेवक वडिलांच्याच वयाचे होते. त्यांपैकी एक निवृत्त दंतवैद्य होते. वडिलांचे इंग्रजी बेताचे आहे, पण बिग एंड (जोडदांड्याचे क्रँकवर बसणारे टोक), ग्लँड, इंजेक्टर हे इंजिनाच्या भागांचे शब्द परळमध्येही तेच, त्यामुळे माझी गरज पंधरा मिनिटांत संपली. गाडी निघताना त्यांनी कान देऊन डाव्या बाजूच्या ठोक्याबद्दल काहीतरी सांगितले. त्यावर दंतवैद्यांनी त्यांना दुपारी परत बोलावले, हातात तेलाची बुधली आणि कॉटन वेस्ट दिले, आणि मी पुढचे तीन तास फलाटावर एकटीने चहा प्यायले. लिंकनवासिनी मावशी, ईस्ट कर्कबीला पुढच्या आठवड्यात जात आहोत. टोपली नेणार नाही.

एक गोष्ट मात्र मी हरले की जिंकले, हे कळत नाही. मॅलार्डने तो विक्रम केला त्याच धावेत त्याच्या मधल्या सिलिंडरच्या बिग एंडचे बेअरिंग तापून गेले आणि इंजिन पीटरबरोला काढून घ्यावे लागले, हे शेडमधल्या कोणीतरी वडिलांना सांगितले. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तू मला आधी का सांगितले नाहीस? मधला बिग एंड म्हणजे तिथे हात तरी कसा पोहोचतो, ते पाहायला हवे." शुक्रवारची यॉर्कची तिकिटे काढली आहेत.