मदत हवी आहे: उभ्या गाडीची बॅटरी पाच दिवसांत उतरते, करंट कोण खातंय?

नमस्कार. आई-वडील सांगलीला, मी पुण्यात. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. मी शनिवार-रविवारी जातो तेव्हाच ती बाहेर निघते. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री दीड वाजता आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली. वडिलांनी सेल्फ मारला तर नुसती टकटक. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. तेव्हापासून माझं लक्ष दुसऱ्या कशात लागत नाही.

बॅटरी चार महिन्यांपूर्वीच नवी घातली आहे, दुकानात लोड टेस्टला चांगली निघाली. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंग होतंय. रविवारी रात्री १२.६ व्होल्ट असतात, शुक्रवारी ११.८. इलेक्ट्रिशियन म्हणतो रोज चालवा. वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांना हे सांगणं मला पटत नाही.

शेवटी स्वतः मल्टिमीटर लावला. लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, मीटर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि तिथून काढलेली केबल यांच्या मध्ये. दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागलेलं वाटतं. चावी घरात. सुरुवातीला दोन अँपिअरच्या वर दाखवत होतं, वीस मिनिटांनी ०.२९ वर आलं आणि तासभर तिथेच राहिलं. दिवसाला साधारण सात अँपिअर-अवर! ३५ ची बॅटरी पाच दिवसांत संपणारच.

एकेक फ्यूज काढत गेलो. रेडिओचा काढला की ०.०३. म्हणून स्टिरिओच काढून टेबलावर ठेवला आणि फ्यूज परत लावला, तर ०.२७! इथे अडकलोय. स्टिरिओ गाडीतच नाही, मग त्या फ्यूजवर आहे काय?

प्रतिसाद:
मोजणी बरोबर केलीत. उभ्या गाडीत ०.०२ ते ०.०५ चालतं, तुमचं खरंच जास्त आहे. फक्त फ्यूज परत लावला की गाडीतली काही मॉड्यूल (छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) थोडा वेळ जागी होतात, त्यामुळे ०.२७ हा आकडा लगेच घेतला असेल तर पुन्हा अर्धा तास थांबून बघा. आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. केबिनचा आणि डिकीचा दिवाही बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत ते रेडिओच्याच फ्यूजवर असतात.

धागाकर्ता:
अर्धा तास थांबलो, ०.२७ च. मोबाईलचा कॅमेरा चालू करून डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. दिवा विझतो.

प्रतिसाद:
स्टिरिओ बाहेरून बसवलाय का? सोबत अँप्लिफायर (स्पीकरचा आवाज वाढवणारा वेगळा डबा) आहे?

धागाकर्ता:
हो, दोन्ही बाहेरून बसवले. अँप ड्रायव्हर सीटखाली आहे. पण त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, रेडिओच्या फ्यूजशी तिचा संबंध नाही.

प्रतिसाद:
जाड वायरचा नाही, पण अँपला ‘चालू हो’ सांगणारी एक बारीक रिमोट वायर असते. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडायची, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की अँपही बंद. घाईत कोणी ती पिवळ्या वायरला जोडली, तर अँप चोवीस तास चालू राहतो, कारण पिवळीत कायम १२ व्होल्ट असतात. स्टिरिओ काढला तरी पिवळी जिवंतच. रेडिओचा फ्यूज काढला की मात्र पिवळी मरते आणि अँप झोपतो. तुमचे आकडे याला तंतोतंत जुळतात. उद्या पहाटे गाडी सुरू न करता अँपला हात लावून बघा.

धागाकर्ता:
आत्ता सहा वाजता हात लावला. बाहेर चांगलाच गारठा आहे आणि अँप कोमट!

स्टिरिओमागचं वायरिंग उघडलं. रिमोट वायर पिवळीलाच पिळून वर टेप गुंडाळलेली होती. ती सोडवून पिवळीच्या उघड्या तारेवर नीट टेप लावली, रिमोट निळ्या-पांढऱ्याला जोडली, स्टिरिओ बसवला. अर्ध्या तासाने ०.०३. बॅटरी इतक्यांदा पूर्ण उतरली आहे, तर आता चार्जरवर लावू का?

प्रतिसाद:
लावाच, थोड्या अँपिअरवर रात्रभर. मग चार्जर काढून काही तास तशीच ठेवा आणि व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास टिकलं तर बॅटरी वाचली. पुढच्या शुक्रवारी वडिलांना पुन्हा मोजायला सांगा, आणि आकडा इथे नक्की टाका.